क्रिब गॉखवरची परीक्षा

आमच्या घरात जावई पारखायची एक रीत आहे. माझ्या वडिलांनी सुरू केलेली. मुलीने पोरगा घरी आणला की बापाने त्याला वाईट हवेच्या दिवशी डोंगरावर न्यायचं. पोराला वाटतं, आपण चढतो कसे ते बघतायत. खरं तर तो परत कधी फिरतो, एवढंच बघायचं असतं. फिरला तर पास. मुलीने आधी काही फोडायचं नाही, अशी शपथ असते.

ऑक्टोबरात आमच्या मुलीने, लोवरीने, क्रिस्पिनला इकडे वेल्सच्या डोंगरांत आणलं. नॉरफकचा पोरगा, तिकडे चर्चच्या मनोऱ्याहून उंच काही नाही. याआधीचा, कार्डिफचा, लोवरीच्या बापाने थांब म्हटल्यावरही एकटाच डोंगराची कड पार करून हसत आला होता. गेथिनने, माझ्या नवऱ्याने, नुसती मान हलवली आणि महिन्याभरात लोवरीने त्याला सोडलं. तिचा बापावर भारी जीव. पुढे चार महिने ती धड जेवली नाही. पुन्हा तसं झालेलं मला बघवलं नसतं.

शुक्रवारी चहानंतर गेथिनने टेबलावर नकाशा पसरला.

"गवताचा एखादा डोंगर ने की," मी म्हटलं. "पोरगं सपाट मुलखातलं आहे."

"गवतावर माणूस कळत नाही, एलुनेड. त्रिफान बघू?"

"त्रिफानवर गेल्या खेपेला तूच गुडघा फोडून घेतलास."

"मग क्रिब गॉख. उद्या अकरापासून ताशी पंचेचाळीस मैलांचा वारा सांगितलाय." मुहूर्त सापडल्यासारखं सांगितलं त्याने. क्रिब गॉख म्हणजे दोन्हीकडे तुटलेली कड, हातापायांनी खडक धरत जायची. तिथे पंचेचाळीस मैलांचा वारा!

शनिवारी मीच त्यांना डोंगराखालच्या खिंडीत सोडायला गेले, कारण तिथे गाडी लावायला जागा कधीच नसते. क्रिस्पिनने दार उघडलं तर वाऱ्याने ते त्याच्या हातून हिसकावलं. तो उतरला, फळ्यावरचा हवामानाचा कागद नीट वाचला, वर ढगात बघितलं आणि परत येऊन गाडीत बसला.

"मिस्टर पॅरी, आज नको," तो गेथिनला म्हणाला.

"नको म्हणजे? निदान कडेच्या पायथ्यापर्यंत तरी चल!"

"तिथे जाऊन काय करायचं? परतच यायचंय ना?"

गेथिनचं तोंड उघडं ते उघडंच. मी गाडी वळवली आणि हसू दाबायला जोरात खोकले.

घरी आल्यावर क्रिस्पिनने दुसऱ्यांदा नाश्ता केला. एक वाजता ढग फाटले, वारा पडला आणि खिंडीवरची ती कड उन्हात लखलखायला लागली. गेथिन बागेत उभा राहून तिच्याकडे बघत होता. आत आला तो तणतणतच.

"नापास! हा परत फिरलाच नाही. हा निघालाच नाही!"

क्रिस्पिन वर आंघोळीला गेला होता. लोवरीने हातातला कप खाली ठेवला. तिचा चेहरा बघितला आणि माझं डोकं फिरलं.

"तुझा निकाल काय लागला होता, सांग की हिला," मी गेथिनला म्हटलं.

"त्याचं काय आता?"

"माझे वडील वाऱ्यात थांबले. हा एकटा पुढे गेला. वडील एकटेच घरी आले, याच टेबलाशी बसले आणि म्हणाले, नापास. तरी मी याच्याशी लग्न केलं." मग लोवरीकडे वळले. "चौतीस वर्षं दर शनिवारी मी या खिडकीशी उभी आहे, पोरी. बँगोरच्या हॉस्पिटलातून दोनदा फोन आला. मला भीती वाटते. दर शनिवारी वाटते. तुझा हा नॉरफकवाला गरम जेवायला वेळेवर येईल. सोडू नकोस त्याला."

वर पाण्याचा आवाज येत होता.

"तू कधी बोलली नाहीस," गेथिन म्हणाला.

"तू कधी घरी होतास?"

त्याने खिडकीकडे बघितलं. मग त्याने विचारलं, "किती वाजल्यापासून वाटते भीती?"

"चारपासून. हिवाळ्यात तीनपासून."

त्याने मान डोलावली. लोवरीला म्हणाला, "पास आहे गं तो. फारच पास आहे," आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा गेलाच, हौस थोडीच सुटते. मी साडेतीनला खिडकीशी जायच्या बेतात होते, तर हा दारात उभा, बुटांच्या नाड्या सोडत.

"कडेच्या मध्यावरून परत फिरलो," म्हणाला.

"वारा होता का फार?"

"नव्हता," गेथिन म्हणाला.