सोनमने चावी मागितली

मित्रांनो, मी गोदामात राहते, म्हणून तुम्ही मला रस्त्यावर क्वचितच पाहिले असेल. मी एक जुनी पिवळी फोर्कलिफ्ट आहे. पुढच्या दोन लोखंडी दांड्यांवर दोन टन माल मी सहज वर उचलते. पुण्याजवळच्या कारखान्यात माझा जन्म झाला. ट्रेलरवर बसून मी घाट उतरले आणि कळंबोलीच्या या गोदामात आले.

बारा वर्षे मला बोनकोड्याच्या नंदकुमारकाकांनी चालवले. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हिच्यासारकी मशीन नाय." मी फुलून जाई.

त्याच गोदामात सोनम खोक्यांना चिकटपट्टी लावायची. ती कामोठ्याहून येई. सात वर्षे तिचे तेच काम. मी वळू लागले की तिची नजर माझ्यामागे फिरे आणि हातातली पट्टी तशीच राही.

काका निवृत्त होणार होते. साहेब बाहेरून चालक शोधू लागले. एका दुपारी सोनम माझ्या सीटवर हात ठेवून पुटपुटली, "आपल्याला कोण देणार ही चालवायला."

काका शेजारीच डबा धूत होते. "तुला नाय कोन बोलला?"

"कोणी नाही."

"मंग विचारलंस कोनाला?"

सोनमने सीटवरचा हात काढून घेतला. "नाही काका. माझं मीच ठरवलं."

मी थक्क झाले. सात वर्षे तिला कुणीच अडवले नव्हते.

संध्याकाळी ती साहेबांकडे गेली आणि तिने माझी चावी मागितली. साहेब म्हणाले, "ट्रेनिंग घे, टेस्ट पास हो. माझंही टेन्शन जाईल." दोन मिनिटांत बोलणे संपले.

काका तिला शिकवू लागले. तिसऱ्याच दिवशी मला मागे घेताना तिचा अंदाज चुकला. साबणाची थप्पी कोसळली, माझा मागचा दिवा फुटला. सोनम खाली उतरली. चावी पुढे करत म्हणाली, "मी पट्टीच लावते काका. तेच बरं."

काकांनी चावी घेतली नाही. माझ्या पाठीवरच्या पोच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्यो माजा हाय. पयल्याच आठवड्यात भिंतीवर घातली व्हती."

बारा वर्षे मी तो पोचा अंगावर वागवत होते, पण काकांनी तो कुणाजवळही कबूल केला नव्हता. आज एका शिकाऊ बाईसाठी त्यांनी आपली इज्जत खाली ठेवली. सोनम पुन्हा सीटवर चढली.

परीक्षेच्या दिवशी माल सर्वांत वरच्या फळीवर ठेवायचा होता. सगळे काम थांबवून पाहत होते. मला धक्का म्हणून बसला नाही. माल फळीवर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. इतक्या हळुवारपणे तो काकांनीही कधी ठेवला नव्हता.  काकांनी टोपी काढली.

आता सोनम नवी, विजेवर चालणारी मशीन चालवते. मी कोपऱ्यात असते, अंगावर धूळ साचते. पण शनिवारी पॅकिंगमधल्या दोघी येतात आणि सोनम त्यांना माझ्यावर शिकवते. त्यांना कुणी बोलावले नव्हते. त्यांनी स्वतःहून विचारले.

म्हणून मित्रांनो, मला भंगारात काढू नका. अधूनमधून माझ्या साखळीला ग्रीस लावा, बॅटरी तपासा. अजून कितीतरी जणी विचारायला यायच्या आहेत.