पाचटाखालचे घर

राहू गावातल्या त्या घरात सकाळचा उजेड उसाच्या फडावरून येत असे. फड तुटून गेल्यापासून त्याला अडवणारे काही उरले नव्हते, त्यामुळे तो सरळ येई. आधी अंगणातल्या रांजणाच्या ओल्या पोटावर थांबे, मग उंबरठा ओलांडून सारवलेल्या जमिनीवर हळूहळू पसरे, आणि सारवताना आईच्या बोटांनी उमटलेली अर्धवर्तुळे एकेक करून दिसू लागत. पत्र्याचे जुने खिळे जिथून निघाले होते तिथून बारीक कवडसे आत येत. एक समोरच्या भिंतीवर, एक फळीवरच्या पितळी डब्यावर. त्यांत धुळीचे कण कुठेही जायचे नसल्यासारखे तरंगत. या वेळी उजेडाला ना धार असे ना वजन. मल्हार अंथरुणावरून त्याच्याकडे पाहत राही, पण त्याला मात्र घाई झालेली असे. थोड्याच वेळात पत्रा तडतडू लागेल, आणि दुपारी घरात उभे राहवणार नाही, हे त्याला ठाऊक होते.

त्याची बायको सुषमा माहेरी, कवठे येमाईला होती. कुणी विचारले की तो सांगे, "ऊन लय हाय. पत्र्याखाली सोसत न्हाई तिला. घर गार केलं की येईल." गिरणीत त्याने हे सांगितले, एस.टी.च्या थांब्यावर सांगितले, आणि सांगता सांगता त्याला घर गार करण्याचा ध्यासच लागला. साखर कारखान्याचा हंगाम संपला होता. हंगामी कामगाराला उन्हाळ्यात वेळच वेळ असतो.

तो दौंडला जाऊन लोखंडी कूलर बघून आला. दुकानदाराने चालू करून दाखवला, तेव्हा वाळ्याच्या ओल्या वासाने त्याला क्षणभर हलावेसे वाटेना. पण तो परवडण्यातला नव्हता, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत गावात भर दुपारी वीजही नसे. मग त्याने चुना आणला. मीठ आणि डिंक घालून भिजवला, आणि ऊन चढण्याआधी पत्र्यावर चढून त्याचा हात देऊ लागला. आई, अनसाबाई, खाली शिडी धरून उभी होती.

"तुझ्या आज्यानं मेंढरांमागं जल्म काढला, उघड्या आभाळाखाली," ती म्हणाली. "आन् तू पत्र्याला पावडर लावतोस."

"आई, पांढरा रंग ऊन परत पाठवतो."

"पाठवू दे. माणसं परत आणतो का, ते इचार त्याला."

मल्हारने कुंचला पुन्हा चुन्यात बुडवला.

चुन्याने फरक पडला, पण थोडाच. दुपारी तो भिंतीला पाठ लावून बसे, उठे, दुसऱ्या भिंतीशी जाऊन बसे, पुन्हा उठे. शेवटी त्याने तुटलेल्या फडातले पाचट पेटवून देण्याआधी मागून घेतले. उसाचा तो वाळका पाला त्याने पत्र्यावर जाड अंथरला, वाऱ्याने उडू नये म्हणून दोऱ्या ताणल्या, त्यांना दगड बांधले. शेजारचे म्हस्कूआप्पा रस्त्यातच थांबले.

"मल्हारराव, झाक झालंय. आता खाली दोन म्हशी आनून बांधा."

"आप्पा, हसू नका. आत येऊन बघा."

"बघतो की. पन त्यावर माती लिंपा आधी. कुणाची बिडी पडली तर घर गार करता करता होळी व्हायची."

त्याने माती लिंपली. पश्चिमेच्या खिडकीला गोणपाट टांगले आणि ते ओले ठेवू लागला. एका दुपारी त्याने स्टुलावर चढून पत्र्याला आतून तळहात लावला, आणि हात तिथे राहू शकला. किती तरी वेळ तो तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून शिरूर आणि शिरूरहून कवठे असा तो एस.टी.ने निघाला. सबंध वाटेत मनातल्या मनात तेच वाक्य जुळवत होता: आता चल.

सासऱ्यांच्या घरावरही पत्राच होता. आजूबाजूला एक झाड नव्हते. हे त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते. आत सुषमा शेंगा फोडत बसली होती, घामाने कपाळाला केस चिकटलेले, आणि भाऊ शंभूच्या कुठल्याशा बोलण्यावर मोठ्याने हसत होती. मल्हार दारात येताच ते हसणे थांबले. रागाने नाही, पाहुणा आल्यावर थांबते तसे.

"या दाजी," शंभू म्हणाला, "आमच्या भट्टीत बसा. चहाला चूल पेटवायलाच नको, हितंच उकळंल."

मल्हार बसला आणि बोलू लागला. चुना, मीठ, डिंक, पाचट, माती, गोणपाट. काही सांगायचे राहू नये अशा घाईने तो बोलत राहिला. शंभू आधी कौतुकाने ऐकत होता, मग बहिणीकडे पाहू लागला.

"दाजी, दोन वर्षांचं आज एकदमच बोललात की," तो म्हणाला, आणि दूध आणायचे निमित्त करून बाहेर गेला.

सुषमाने आणखी एक शेंग फोडली.

"म्हंजी घर गार झालं."

"व्हय. भर दुपारी पत्र्याला हात टिकतो."

"आन् तुम्ही?"

"मी बरा हाय."

तिने दाणे सुपात टाकले आणि टरफल हातातच ठेवले.

"मी तिथं दोन वर्षं भिंतीशी बोलले. तुम्ही वट्यावर बसायचा, मी हाक मारली की व्हय, न्हाईतर न्हाई. तिसरा शब्द न्हाई."

त्याला वाटले, आता आपण बोलले पाहिजे. पण जुळवून आणलेले वाक्यच तोंडात आले.

"आता चल."

"न्हाई."

पत्रा वरून तडतडत होता. तिने पदराने मान पुसली.

"मला ऊन सोसत न्हाई, असं समद्यांना सांगत फिरता म्हनं. मी कवा म्हनले तसं?"

तो आठवू लागला. तिचे एखादे बोलणे, एखादे चिडणे, डोक्यावर ओला फडका ठेवून बसलेली तिची एखादी दुपार, काहीतरी सापडेल म्हणून त्याने तिच्या जाण्याच्या दिवसापर्यंत मागे जाऊन पाहिले. सुषमा ट्रंक घेऊन एस.टी.त चढली होती, तेव्हा तिच्या अंगावर स्वेटर होता. ती गेली ती थंडीत.