पुढे कोण चालणार

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि सुट्टीलाही कामावर निघाल्यासारखाच निघतो. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं आणि त्याच्या अंगातच आलं. तिथल्या कार्यालयात त्याने इतके फोन केले की फोन घेणाऱ्या बाई त्याचा आवाज ओळखू लागल्या. पहिला दिवस पायथ्याशी काढायचा, म्हणजे उंचीची सवय होते. फोनला रेंज नसते, तेव्हा कागदी नकाशा हवा. अस्वल दिसलं तर पळायचं नाही. परतायची वेळ झाली की जिथे असू तिथून मागे फिरायचं. आणि सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याने पुढे राहायचं, म्हणजे कोणी मागे पडत नाही.

या शेवटच्या नियमापाशी घोडं अडलं.

"आई पुढे असली तर डोंगरावरचं तळं दिसायच्या आधीच परतायची वेळ होईल," तो म्हणाला. "तिला मावशीकडे ठेवू."

सासूबाईंनी आयुष्यभर पडदे शिवले. त्यांतल्या कितीतरी पडद्यांवर बर्फाचे डोंगर छापलेले असायचे, पण खरा डोंगर त्यांनी एकही पाहिलेला नाही. मला असा राग आला की हातातलं पातेलं मी जरा जोरातच ठेवलं.

"मग मलाही मावशीकडेच ठेव," मी म्हटलं.

तेव्हा त्याने परीक्षा काढली. पाठीवर भरलेली बॅग, गच्चीपर्यंत जिना, आणि चढताना बोलत राहायचं. ज्याला वाक्य पुरं करता येणार नाही, त्याने डोंगराचं नाव काढायचं नाही. ही परीक्षा कोणाला नापास करण्यासाठी होती, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

रविवारी सकाळी निघालो. सासूबाईंनी तळमजल्यावरच शेजारणीच्या जावयाचा विषय काढला. सासूबाई सगळा बाजार पायीच करतात. पायांना सवय, आणि जिभेचं तर विचारूच नका. तिसऱ्या मजल्यावर जावयाची नोकरी गेली, पाचव्यावर दुसरी लागली. मी आपली मधूनमधून 'हो का' म्हणत होते. नवऱ्याचा आवाज मात्र येईना.

वाकून पाहिलं तर हा खालच्या मजल्यावर लिफ्टच्या दाराची फट तपासत उभा. पुढच्या मजल्यावरही तेच.

"या दाराला जरा..." म्हणाला, आणि उरलेलं वाक्य काही आलं नाही.

इतकी वर्षं उंच इमारतींत काम करतो खरा, पण वर जातो लिफ्टने आणि खाली येतो लिफ्टने. आम्ही गच्चीवर पोचलो, जावयाने नवी गाडीही घेतली, तरी याचा पत्ता नाही. शेवटी आला तो लालबुंद होऊन, आणि पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसला. मला हसू आवरेना. मग त्याचा चेहरा नीट पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं. तो घाबरला होता.

जेवताना म्हणाला, "यंदा राहू दे. हवा खराब दिसतेय."

"हवेला कशाला नावं ठेवतोस?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या डॉक्टरांकडे जाऊन ये. ते हो म्हणाले तर निघायचं. तू पुढे चाल, मी मागे आहे."

"आणि तळं?"

"नाही दिसलं तर नाही दिसलं. तुला मावशीकडे ठेवून मी नाही जायची."

त्याने मान खाली घातली ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही. मला दोघांचीही माया आली, पण त्याला एवढ्यात सांगणार नव्हते.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठीक निघालं, पोटाबद्दल मात्र बरंच ऐकून घ्यावं लागलं. आता तो रोज जिना चढतो, दारं न तपासता. काल त्याने पुन्हा उद्यानात फोन लावला आणि विचारलं, तळ्याची वाट सोडून दुसरी एखादी सोपी वाट आहे का, जिथून बर्फाचा डोंगर दिसेल.

"आहे की," त्या बाई म्हणाल्या. "म्हणजे आईंना आणायचं ठरलं तर."

"नाही," तो म्हणाला. "आई मला आणतेय."

सासूबाई त्याच्या बॅगेचा उसवलेला पट्टा शिवत बसल्या होत्या. त्यांनी दोरा तोडला, पट्टा ओढून पाहिला, आणि ती जड बॅग आपल्या खुर्चीला अडकवून ठेवली.