गाठीबाबाची गाठ

सभागृहाच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती. आत गाठीबाबा बाह्या कोपरापर्यंत सारून आडव्या झालेल्या माणसाच्या पोटावर हात फिरवत आणि बघता बघता बेंबीजवळून लालभडक गाठ बाहेर काढत. कुठे चीर नाही की टाका नाही!

"पिढ्यान् पिढ्यांचा शाप आहे हा! डॉक्टर आतडं कापतो, मी मूळच उपटतो. सुटलात की नाही?"

"सुटलो!" गर्दी गर्जे.

रांगेत दोघी बहिणी होत्या. थोरली शिवणकाम करायची, धाकटी शाळेत शिकवायची. आत्या आणि मग वडील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले होते. वडिलांच्या एका जनुकात दोष सापडला, म्हणून दोघींनी रक्त तपासून घेतले. तो दोष थोरलीत उतरला होता, धाकटीत नव्हता.

तेव्हापासून थोरली जळत होती. "चांगलं ते सगळं तुझ्याच वाट्याला! आईचं नाक तुला, बाबांचा रोग मला." डॉक्टरांनी दिलेली दुर्बिणीच्या तपासणीची तारीख थोरलीने दोनदा चुकवली होती. आज धाकटी केवळ तिची समजूत काढायला आली होती, पण तिचे काही चालले नाही.

थोरलीची गाठ निघाली. ती हसतच उठली आणि बरोबर धाकटी बहीणही आहे म्हणाली.

"धाकटीलाही आण," बाबा म्हणाले. "एकच रक्त, एकच शाप!"

थोरलीने बहिणीला जवळजवळ ढकललेच. तिच्या पोटातूनही तश्शीच गाठ निघाली.

थोरलीला आनंद झाला. हिलाही आहे तर! पुढच्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली, आणि मग डोके चालू लागले. हिच्यात तो दोष नाहीच. मग यांनी काढले काय?

बाबा गाठ बादलीत टाकणार, तोच तिने ती हिसकावली. बोटांना लगेच कळले: आत कापूस, वर रंगात बुडवलेला शिलाईचा दोरा. तिने टोक ओढले आणि गाठ भराभर उलगडली.

धाकटीने बाबांचा हात पकडला. अंगठ्यावर चढवलेली कातडीच्या रंगाची पोकळ टोपी तिच्या मुठीत आली.

"बाबा, तुमचा तर अंगठाच सुटला!"

आत आणखी एक गाठ दडपून भरलेली होती.

"श्रद्धा कमी पडली तुमची!" बाबा ओरडले.

"श्रद्धा भरपूर होती. कापूस कमी पडला," थोरली म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिची तपासणी झाली. आतड्यात मांसाचे दोन कोंब सापडले, ते तिथल्या तिथे काढले. "अजून कर्करोग नव्हता," डॉक्टर म्हणाले. "पण अशातूनच तो होतो. आता दरवर्षी यायचं."

बाहेर धाकटी बसली होती. थोरली म्हणाली, "मला अजूनही तुझा हेवा वाटतो."

"वाटू दे. तारीख तेवढी चुकवू नकोस."

आता कमरेचे माप घेताना थोरली गिऱ्हाइकांना विचारते, "घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालाय?" कुणी हो म्हटले, की टेप बाजूला ठेवून सांगते, "हा शाप नाही आणि कुणाचं पापही नाही. कधी कधी आईबापाकडून आलेला एक दोष असतो, कुणाला मिळतो, कुणाला नाही. मिळाला म्हणजे रोग होणारच असंही नाही, धोका मात्र वाढतो. डॉक्टरकडे जा आणि वेळेवर तपासून घ्या."