कुणासाठी वाजवायचं

"दात काढून वाजवून बघ," ताई म्हणाली.

हवालदारांनी तेही करून पाहिलं होतं. स्वयंपाकघरामागच्या बोळात, बादलीशेजारी उभं राहून त्यांनी कवळी काढली, खिशात टाकली आणि बिगूल ओठांना लावला. बंद पडलेला नळ पाणी यायच्या आधी जसा नुसता खरखरतो, तसा आवाज आला. मग कवळी बसवून फुंकलं, तर वरचे दातच सुटून पुढे आले. ते त्यांनी जिभेनं मागे ढकलले आणि बिगूल बाहीला पुसला.

"नाही जमत."

"आबांची तेवढी एकच इच्छा होती रे. घरच्या माणसानं वाजवावं म्हणायचे."

"मी वेळेवर दातांच्या डॉक्टरकडे जावं, अशीही त्यांची इच्छा होती."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. हसावं की रागवावं हे तिला ठरवता आलं नाही. बाहेरच्या खोलीत या बहीणभावांचे वडील, आबा, पांढऱ्या चादरीखाली निजले होते. वय झालेलं होतं, दोन महिने अंथरुणाला खिळून होते, पहाटे गेले. कुणाला धक्का असा बसला नव्हता, पण घरातल्या माणसांचे आवाज आपोआप खाली आले होते.

"मग नातू आहेच की," ताई म्हणाली. "पथकाबरोबर तोच येतोय ना?"

"तोच येतोय."

"मग कशाला जीव खातोस स्वतःचा? आबांना काय, तू वाजवलंस काय आणि त्यानं वाजवलं काय. घरचंच झालं."

हे मात्र हवालदारांना पटलं. त्यांनी बिगूल भिंतीवरच्या खुंटीला अडकवला आणि ते दाढी करायला बसले.

हे घर तीन पिढ्या फौजेत होतं आणि त्यातल्या एकानंही कधी कुणावर गोळी झाडली नव्हती. हवालदार स्वतःच हे हसत हसत सांगायचे, दुसऱ्यानं कुणी म्हणायच्या आत. आबा पलटणीच्या बँडमध्ये बिगूल वाजवायचे. लढाई सुरू झाली की बँडवाल्यांची वाद्यं पेट्यांत जात आणि हातात स्ट्रेचर येई. आबांनी एका हिवाळ्यात किती माणसं डोंगरावरून खाली आणली, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. कुणी विचारलं तर "जड असायची" एवढंच म्हणायचे. हवालदारांच्या वाट्याला लढाई आली नाही. त्यांच्या वाट्याला आले ते अंत्यविधी. कुठं कुणी जवान गेला की छावणीतून गाडी निघायची, आणि तिच्यात मागच्या बाकावर मांडीवर बिगूल घेऊन हवालदार बसलेले असायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. मुलगा बँडमध्ये लागला तेव्हा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं. मशीनचा पट्टा बदलायला आलेल्या माणसाला पट्ट्याबरोबर ही बातमीही न्यावी लागे.

फौजेची गाडी दुपारी आली. चार जवान, एक सुभेदार आणि मुलगा. इस्त्रीचा गणवेश, हातात काळी पेटी. त्यानं आजोबांच्या पायांना हात लावला, थोडा वेळ तसाच वाकून राहिला, मग उठून आईजवळ गेला. हवालदारांनी त्याला बोळात गाठलं.

"ओठ कसे आहेत?"

"बरे आहेत."

"गाडीत बसून आलायस. दोन-चार सूर काढून घे आधी. थंड ओठांनी उभा राहू नकोस."

"बाबा, सुभेदारसाहेब घाई करतायत. आवरा तुम्ही."

मुलानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेला पोरगा, डोळे भरले असतील, असं समजून हवालदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते आत गेले.

गावाबाहेरच्या मैदानात, आखून दिलेल्या जागी, आबांना ठेवलं. जवान दोन्ही बाजूंना उभे राहिले. सुभेदारानं आबांचं नाव, हुद्दा, पलटण असं सगळं मोठ्यानं उच्चारलं. ते ऐकून ताईनं पदर तोंडाला लावला. बापाचं पूर्ण नाव असं कुणी मोठ्यानं घेतलेलं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. मग मुलगा दोन पावलं पुढे आला आणि त्यानं बिगूल ओठांना लावला.

धून सुरू झाली. पहिले सूर स्वच्छ होते, इतके स्वच्छ की हवालदारांनी मान डोलावली. मग त्यांची नजर मुलाच्या गालांवर गेली.

गाल सपाट होते. छाती हलत नव्हती. गळ्याची शीर ताणली गेली नव्हती. एखादा माणूस फोटोसाठी बिगूल तोंडाला लावून उभा राहावा, तसा तो उभा होता, आणि सूर मात्र मैदानभर पसरत चालला होता.

असं यंत्र आल्याचं हवालदारांच्या कानावर आलं होतं. बिगुलाच्या तोंडात बसवायचं, बटण दाबलं की धून वाजते, चुकत नाही, थंडीत फाटत नाही. बाहेरच्या फौजांतली फॅशन असेल म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. आता ते त्यांच्या बापासमोर वाजत होतं, त्यांच्या मुलाच्या हातात. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाऊल उचललंच असतं त्यांनी. पण सगळे सावधान उभे होते आणि तेही सावधान उभे होते. इतक्या वर्षांची सवय, पाय जागचे हलले नाहीत.

आणि मग वरचा सूर आला. त्याच्या किंचित आधी, कुणाला जाणवणारही नाही असा, एक बारीक श्वास ऐकू आला.

त्या जागी श्वास घ्यायचा नसतो. आधीच्या श्वासातच तो सूर ओढून न्यायचा असतो. तरुणपणी हवालदारांना ते जमायचं नाही. ते तिथं चोरून श्वास घ्यायचे आणि आबा दर वेळी पकडायचे. "चोर आला बघ," म्हणायचे. पुढे दम वाढला, तरी ती खोड गेली नाही ती नाहीच.

हवालदार ऐकत राहिले. सूर वर गेला, तिथं थांबला, अलगद खाली आला. हा आपला दम होता. आपले दात होते, खरे. आपला वरचा ओठ होता. धून संपली तेव्हा त्यांची जीभ कवळीला टेकलेली होती, फुंकताना टेकायची तशी.

सगळं उरकल्यावर माणसं पांगली. मैदानाच्या कडेला नळ होता, तिथं बापलेक हात धुवायला थांबले. बराच वेळ दोघंही आपापले हात धूत राहिले.

"कधीपासून?" हवालदारांनी विचारलं.

"मी लागलो त्याच्या आधीपासून. कुणी तरी एकदा मोठ्या कार्यक्रमात चुकला म्हणे. तेव्हापासून आदेशच आहे. हेच वापरायचं."

"आणि आवाज माझा."

मुलानं नळ बंद केला. "तुम्हाला ओळखू आला?"

"मला नाही ओळखू येणार तर कुणाला?"

"मलाही पहिल्याच दिवशी आला. लहानपणापासून तेच ऐकत आलोय. पेटी उघडली, तपासायला म्हणून बटण दाबलं, आणि तुम्हीच."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही दुकानात बसून सगळ्यांना सांगता, पोरगा बिगूल वाजवतो म्हणून. मी बटण दाबतो, बाबा."

हवालदारांना ती दुपार आठवली. प्रशिक्षण केंद्रातली खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या. शहरातून आलेला एक माणूस, कानांवर मोठे गोळे लावून काचेपलीकडे बसलेला. नवीन पोरांना शिकवायला नमुना हवाय, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी दोनदा वाजवलं. तो माणूस "झकास" म्हणाला. बस, एवढंच.

"कुठं कुठं वाजतं हे?"

"सगळीकडे. प्रत्येक पलटणीत हेच दिलंय."

"गेल्या वर्षी दरड कोसळून ती पोरं गेली, तेव्हा?"

"तेव्हाही. टीव्हीवर दाखवलं नव्हतं का?"

दाखवलं होतं. आवाज बारीक करून हवालदार जेवत होते. त्यांनी रुमालानं एकेक बोट पुसलं.

"वाईट वाटलं तुम्हाला?" मुलानं विचारलं. "मला वाटलं, कळलं तर बरं वाटेल. आबांसाठी शेवटी तुम्हीच वाजवलंत."

"नाही वाजवलं."

"म्हणजे?"

"आबांसाठी नाही वाजवलं मी ते. कुणासाठीच नाही वाजवलं. जेवणाची वेळ टळून गेली होती. पोटात कावळे ओरडत होते, कधी एकदा सुटतो असं झालं होतं." त्यांनी रुमाल खिशात ठेवला. "मी गाडीतून उतरलो की आधी घरच्यांपैकी कुणाला तरी गाठायचो. नाव विचारायचो. कागदावरचं नाही, घरात हाक मारायचे ते. आबांनीच लावलेली सवय. ते म्हणायचे, नाव ठाऊक नसेल तर नुसतं पितळ वाजतं. मग ते नाव मनात धरून वाजवायचं. चुकलं तर चुकलं. पण त्याच्यासाठी चुकलं."

सुभेदारानं दुरून हाक मारली. गाडी निघायची होती.

"मी नाव विचारून काय करू, बाबा? यंत्राला काय फरक पडतो?"

हवालदारांनी मुलाच्या टोपीवर उडालेलं पाणी पुसलं आणि "जा, थांबलेत ते" एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर ताई जो येईल त्याला सांगत होती, "पोरानं काय वाजवलं! अगदी बापासारखं. डोळे मिटले असते तर वाटलं असतं, हाच वाजवतोय." हवालदार "हो" म्हणाले. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पुढे कधी तरी, कपड्यांच्या घड्या घालताना, ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "तो आवाज तुमचाच होता ना?" ते "हं" म्हणाले. तिनं पुढचं कापड घडीला घेतलं.

दिवस गेले. दुकान सुरू झालं. लोक आबांबद्दल चार शब्द बोलत आणि मशीन पुढे करत. मुलाची विचारपूस झाली की हवालदार "बरा आहे, ड्यूटीवर आहे" म्हणत. बिगुलाचं नाव त्यांच्या तोंडून निघेनासं झालं. लोकांनाही ते जाणवलं, पण बाप गेल्याचं दुःख असेल म्हणून कुणी खोलात शिरलं नाही.

एका सकाळी कोपऱ्यावरची शिंपीण मशीन घेऊन आली. टाका सुटत होता. तिला एका मोठ्या ऑर्डरची घाई होती, म्हणून ती स्टुलावर ठाण मांडूनच बसली. हवालदारांनी मशीन आडवं केलं, खालची पट्टी काढली, आणि फोन वाजला. मुलाचा होता. या वेळेला त्याचा फोन कधी येत नसे.

"काय रे? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. बाबा, मी एका गावात आलोय. ड्यूटीवर." त्याच्या मागे माणसांची कुजबुज ऐकू येत होती. "इथला एक जवान गेलाय. त्याची बहीण भेटली. तिला विचारलं मी."

हवालदारांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"तुम्हाला सांगावं म्हटलं. वाजणार तर तुमचंच आहे." आणि मुलानं एक नाव सांगितलं. लहान मुलाला लाडानं हाक मारतात तसं, दोन अक्षरांचं.

"परत सांग," हवालदार म्हणाले.

मुलानं परत सांगितलं.

"बरं. कधी आहे?"

"आत्ताच. बोलावतायत. फोन ठेवतो."

"ठेव."

हवालदारांनी पेचकस खाली ठेवला. तेलाचे हात फडक्याला पुसले. मग ते उठले आणि दुकानाच्या मधोमध, रस्त्याकडे तोंड करून, सरळ उभे राहिले. हात बाजूला, हनुवटी वर. त्यांचे ओठ किंचित आवळलेले होते आणि छाती सावकाश भरत होती, रिती होत होती.

"काय झालं हो?" शिंपिणीनं विचारलं.

त्यांनी ते ऐकलंच नसावं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, समोरच्या दुकानदारानं शटर वर ढकललं. शिंपीण थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. मग तिनं मांडीवरचं कापड स्टुलावर ठेवलं आणि, का ते तिला कळलं नाही, तीही उठून उभी राहिली.