सातवा मोजा

तिने नवा पाय भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

“त्याला राग येईल हं,” समोरच्या खुर्चीतल्या मावशी म्हणाल्या.

“येऊ दे. येऊन येऊन काय करेल, लाथ मारेल?”

मावशींनी हसू गिळलं. कृत्रिम पाय बसवण्याच्या त्या केंद्रात हसायची वेळ ठरलेली होती, पेशंट उभा राहिल्यावर. त्याआधी धीर द्यायचा. आठवड्यातले चार दिवस केंद्र मावशींना त्यासाठीच बोलवायचं. ‘यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, नऊ वर्षं झाली, आणि चाल बघा!’ अशी केंद्र चालवणाऱ्या मॅडम त्यांची ओळख करून द्यायच्या, आणि मावशी दारापासून खिडकीपर्यंत ताठ चालून दाखवायच्या.

ही पोरगी मात्र वस्ताद होती. दहावीतली. घरात तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि अपघातात पाय गेला तरी तोंड जागच्या जागी होतं. दोनदा येऊन, पायाला हात न लावता ती परत गेली होती. आज तिसरी खेप. बाहेर बाकावर तिचे बाबा एकच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा उलटत होते. सकाळीच मॅडमनी मावशींना बाजूला घेतलं होतं.

“आज ही उभी राहिली पाहिजे हं मावशी. नाहीतर तुमचा उपयोग काय, असं वरचे लोक मला विचारतात.”

मावशींनी घसा साफ केला.

“सुरुवातीला जड वाटतं गं. मग सवय होते. मला तर आता पाय नाही हेच विसरायला होतं.”

“मग झोपताना काढायलाही विसरता?”

“अगं…”

“आणि अंघोळीला?”

“आलेच मी,” म्हणत मावशी उठल्या आणि कोपऱ्यातल्या पडद्यामागे गेल्या. पडदा पुरता सरकला नाही. तोफेने मान वळवून बघितलं, कारण न बघणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

पाय बनवणाऱ्या मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. उरलेला पाय हळूहळू आकसतो, तो ज्यात बसतो ते सॉकेट ढिलं पडतं, मग आत एकेक जादा मोजा चढवायचा. पाचाच्या वर मोजे गेले, की गपचूप नवं माप द्यायला यायचं. नाहीतर पाय आत घासतो आणि चिघळतो.

मावशींच्या पायावर सहा मोज्यांच्या कडा एकीखाली एक दिसत होत्या. त्या सातवा चढवत होत्या.

“सात?”

मावशींचा हात थांबला.

“मास्तरांना माहीत आहे?”

“हळू बोल.”

“अहो, पण ते पलीकडच्या खोलीतच आहेत! आत्ता माप घेतील.”

“घेतील की. मग जखम सुकेपर्यंत, नवा पाय येईपर्यंत, दीड-दोन महिने कुबड्यांवर. आणि कुबड्यांवरची बाई धीर कुणाला देणार?”

तोफ उठली. मग आपल्या कुबड्या खटाखट टेकत पडद्याच्या आत आली आणि स्टुलावर बसली.

“दाखवा.”

नाही म्हणायचं सोडून मावशींनी मोजे उतरवले. हाडावर नाण्याएवढी लाल जागा होती. मधोमध ओली.

“दुखतं?”

“रोज. सकाळची पहिली दहा पावलं डोळ्यांतून पाणी काढतात.”

“मग लावता कशाला?”

मावशींनी पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“पहिलं वर्षभर मी उठलेच नाही. नणंद सगळं करायची, आणि प्रत्येक ताटाबरोबर एक वाक्य वाढायची. ‘बसून खायचं सुख सगळ्यांना थोडंच मिळतं!’ एक दिवस माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, ‘वहिनी, तेव्हाच गेला असतात तर सुटला असतात हो.’ मायेनेच म्हणाली. त्या दुपारी मी पाय चढवला. तिच्या हातून ताट घ्यायचं नाही, एवढ्यासाठी. धीरबीर काही नव्हता गं. नुसता संताप.”

“मग पुढे सगळं नीट झालं?”

“कसलं नीट! चालायला लागल्यावर तीच म्हणाली, ‘आता बऱ्या आहात ना, मग घ्या स्वयंपाकघर.’ लोकांची दया पायापेक्षा लवकर आकसते. हे चार दिवस तेवढे माझे आहेत. इथे मला कुणी वाढत नाही, मीही कुणाला वाढत नाही.”

तोफ नखाने कुबडीचं रबर खरवडत राहिली.

“माझ्या मैत्रिणी पहिल्या आठवड्यात रोज यायच्या. केळी घेऊन. इतकी केळी, की बाबांनी शेजाऱ्यांना वाटली. आता त्यांची सहल ठरतेय. मला कळू नये म्हणून त्यांनी ग्रुपच वेगळा काढलाय.”

“दुष्ट आहेत मेल्या.”

“दुष्ट नाहीत हो. तोच तर वैताग आहे.”

दोघींना एकदमच हसू फुटलं. मावशींना तर असं फुटलं, की हातातला मोजा खाली पडला.

“मला किती दुखेल?” हसणं ओसरल्यावर तिने विचारलं.

“खूप. उद्या थोडं कमी, परवा पुन्हा जास्त. ओळीने कमी होत जाईल असं धरून चालू नकोस.”

“मग हे पहिल्या दिवशीच सांगायला काय झालं होतं?” तोफ ओरडली. “मला वाटलं मीच भित्री! तुमची ती माहितीपत्रकातली सगळी माणसं नुसती हसत असतात!”

ती भिंतीपाशी गेली आणि पाय ओढून मांडीवर घेतला. मास्तरांना हाक मारली. त्यांनी पट्टे आवळले, तिला दोन दांड्यांच्या मधे उभं केलं. पहिल्या पावलाला तिचे ओठ पांढरे पडले. सहाव्याला ती किंचाळली.

“दुखतंय! मावशी, खरंच दुखतंय!”

बक्षीस लागल्यासारखा तिचा आवाज ऐकून बाबा दारात धावत आले आणि तिला उभी बघून तिथेच चौकटीला धरून राहिले. मागोमाग मॅडम आल्या, हातात फॉर्म घेऊन.

“शाब्बास! आता सांग, तुला कशामुळे धीर आला?”

आणि तोफ सुटली. मावशी कशा खरं बोलल्या, त्यांना कसे सात मोजे लागतात, जखम ओली असताना त्या कशा रोज येतात, कुणाला कळूसुद्धा देत नाहीत, माहितीपत्रकात खरं तर त्यांचा फोटो हवा. ती हात हलवून हलवून सांगत होती, एका हाताने दांडी धरून. मावशी मान हलवत होत्या, डोळ्यांनी नको नको म्हणत होत्या. तिला ते लाजणं वाटलं.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फॉर्मवर टेकवलेलं पेन हललं नाही.

“मावशी, बसा. पाय काढा बघू.”

मास्तर गुडघ्यावर बसले. जखम बघून त्यांनी तोंडातल्या तोंडात शिवी घातली. “अहो बाई, वरपर्यंत कापायची वेळ आणाल!”

“सुकेपर्यंत घरीच थांबा,” मॅडम म्हणाल्या. “आमच्यावरही जबाबदारी आहे.”

“मग परत यायचं ना?”

“बघू.”

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिला. मग तोफेकडे वळल्या. “मंगळवारी एक मुलगी येतेय, तुझ्याएवढीच. अजिबात बोलत नाही म्हणे. तू येशील? तू किती छान बोलतेस!” उत्तराची वाट न बघता त्या बाबांना सह्या करायला घेऊन गेल्या. मास्तर पट्टी आणायला गेले.

दांड्या धरून तोफ उभीच होती.

“मी तुमचं कौतुक करत होते,” ती म्हणाली.

“माहीत आहे गं. म्हणून तर धड रागावताही येत नाहीये.”

“मी नाही येणार मंगळवारी. त्यांना सांगते. आत्ताच सांगते.”

“ये.”

“मावशी!”

“ये म्हणते ना. नाहीतर त्या पोरीच्या हातात माहितीपत्रक देतील.”

तोफेने बाहीला नाक पुसलं.

“मग तिला काय सांगू?”

मावशींनी रिकामा ग्लास खुर्चीखाली सरकवून ठेवला.

“आधी दार लावून घे,” त्या म्हणाल्या.