पंपाचे शेअर

चौऱ्याण्णव साली अंबरपेठेत ज्याला त्याला शेअरचा ताप चढला होता. भाजीवाल्यापासून पोस्टमास्तरापर्यंत सगळे इश्यूचे फॉर्म घडी करून खिशात घेऊन हिंडायचे. मालनबाईंच्या घरी तर हा ताप दोन पायांनी चालत यायचा. तो म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा रितेश. दहावीत दोनदा आपटलेला हा पोरगा आता एका दलालाकडे फॉर्म खपवत होता आणि गळ्यात टाय बांधत होता.

"मावशी, कोळंबीचा इश्यू आलाय. समुद्रकाठी तळी खोदलीत, माल सगळा जपानला. दहाचा शेअर, बाजारात उघडेल तीसला. उद्या शेवटची तारीख. तू चेकवर सही कर, बस."

"तळी तू बघितलीस?"

"हे काय, फोटो छापलाय ना!"

"फोटोत तर तूही कामाचा दिसतोस."

सून मेधा तोंडाला पदर लावून हसली. मुलगा विकास मात्र चिडला. वीज बोर्डात हेडक्लार्क होता, घरात बोलायची सवय तिथलीच. "आई, हसण्यावारी नेऊ नकोस. अख्खी गल्ली भरतेय. मी माझे वीस हजार टाकतोय, तुझे पन्नास टाकले तर कल्याण होईल. तिसरीतून शाळा सोडलेल्या बाईला यातलं काय कळणार?"

"सात वर्षं कोर्टात तुझ्या मामांचा वकीलही हेच म्हणत होता. जा विचारून ये त्याला, भालकीच्या जमिनीतला हिस्सा शेवटी कुणी घेतला."

ते पन्नास हजार त्या हिश्श्याचे होते. नवऱ्याच्या पेन्शनीतले नाहीत, पोराच्या पगारातले नाहीत. सख्ख्या भावांच्या दारचं पाणी तोडून मालनबाईंनी ते मिळवले होते. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या एकटीच्या नावाचा पैसा बँकेत पडला होता, आणि त्याचं काय करायचं हे घरातल्या दोन पुरुषांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

"मेधा, त्या फॉर्मवर कुणाचं नाव लिहिलंय गं?"

मेधाने नवऱ्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. "पहिलं नाव ह्यांचं. दुसरं तुमचं."

"हं. पैसा माझा आणि मी मागे उभी."

"अगं, सोयीसाठी!" विकास म्हणाला. "पत्रं येतात, सह्या लागतात..."

"माझी सोय मी बघते."

रितेशने टाय सैल केला. "बरं, मग म्युच्युअल फंडात टाक. तिथे एक मॅनेजर असतो, सगळ्यांचा पैसा एकत्र करून शेअर तोच निवडतो. डोक्याला तापच नाही."

"नाव काय त्याचं?"

"कुणाचं?"

"निवडणाऱ्याचं."

रितेश खिशातले फॉर्म चाळू लागला. "नाव माहीत नाही त्याला मी परातही उसनी देत नाही," मालनबाई म्हणाल्या आणि चेकबुक उशीखाली सारून त्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी बँक बंद होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. विकासने एकट्याच्या नावाने फॉर्म भरला आणि आठ दिवस आईशी बोलला नाही.

मालनबाईंच्या माहेरी म्हैस घ्यायची तर पैसे पहिल्या दिवशी कधीच दिले जात नसत. व्यापारी कास तुंबवून म्हैस उभी करतो, त्या वेळचं दूध बघून जो भुलला तो संपला. दुसऱ्या वेळी पेंड जास्त चारलेली असते. म्हणून वडील व्यापाऱ्याच्याच ओसरीवर मुक्काम करायचे. तिसऱ्या वेळची धार डोळ्यांनी बघायची, मगच दावं हातात घ्यायचं. आणि या कोळंबीची तर एकही धार कुणी काढलेली नव्हती. गल्ली नुसत्या कासेवर भुलली होती.

तेव्हा त्यांनी मेधाला कामाला लावलं. पुण्याची पोर, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, इंग्रजी घडाघडा वाचायची. रितेशच्या दलालाकडून जुन्या कंपन्यांचे अहवाल आणवले. "चेअरमनचं भाषण वाचू नकोस. तीन वर्षांचा नफा आणि तीन वर्षांत भागीदारांना किती पैसे वाटले, तेवढंच सांग."

सिमेंटची कंपनी दुसऱ्याच वर्षाला आटली. हॉटेलवाली दोन वर्षं भरभरून देऊन तिसऱ्या वर्षी कोरडी. उरल्या दोन. एक औषधांची, एक पंपांची. औषधांतलं आपल्याला समजत नाही म्हणून ती सोडली, आणि पंपाची चौकशी करायला मालनबाई गौलीगुड्याच्या बाजारात गेल्या.

दुकानदाराकडे नाही गेल्या. तो ज्यात कमिशन जास्त त्याचंच गुण गाणार. त्या गेल्या यूसुफ मिस्त्रीकडे, जो बोळाच्या तोंडाशी बसून जळालेले पंप दुरुस्त करायचा.

"भाई, ये कंपनी का पंप कैसा है?"

"नाम नक्को लो अम्मा उसका!" मिस्त्री उसळला. "सब के पंप आते मेरे पास, ये कंबख्त का कभी आताच नै. इसके भरोसे बैठा तो बच्चे भूके मरते मेरे."

मालनबाई आठ दिवसांनी पुन्हा गेल्या. शिव्या त्याच. दसऱ्यानंतर तिसऱ्यांदा गेल्या, तेव्हा मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "अम्मा, पंप लेना है या रिश्ता करना है?"

"रिश्ता," मालनबाई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

नामपल्लीला दलालाच्या ऑफिसात मेधाला घेऊन त्या स्वतः गेल्या. एवढं सगळं एकाच कंपनीत नको, अर्धंच घाला, असं मेधाने वाटेत सुचवलं. तेवढं त्यांनी ऐकलं. अर्धे बँकेत राहू दिले. कारकुनाने विचारलं, "दुसरं नाव कुणाचं घालू?"

"कुणाचं नाही."

"मराठीत सही चालेल अम्मा, पण दर वेळी अशीच आली पाहिजे. जरा बदलली की कागद परत."

"माझी सही काही बदलणारी नाही. बाकीच्यांचं बघा."

वर्ष उलटलं. कोळंबी बाजारात उघडली एकतीसला. विकासने गल्लीत पेढे वाटले आणि पहिला पेढा आईच्या हातावर ठेवला. मालनबाईंनी तो खाल्ला. पेढ्याशी काय वैर? पंपाचा शेअर मात्र त्यांनी चौसष्टला घेतला होता, तो सत्तेचाळीसवर येऊन बसला. रोज सकाळी विकास पेपर उघडून मोठ्याने भाव वाचायचा, आईला ऐकू जावं म्हणून. "विकून टाक आता. किती हट्ट करशील?"

मालनबाई मनातल्या मनात हिशेब करायच्या. सात वर्षं भांडून मिळवलेलं आपण आपल्याच हाताने घालवलं तर नाही? गौलीगुड्याला चक्कर मारली, तर मिस्त्रीच्या पाटावर त्याच कंपनीचे चार पंप उघडे पडलेले. आतला पाणी ढकलणारा पंखा पूर्वी पितळेचा असायचा, नव्या मॉडेलमध्ये प्लास्टिकचा घातला होता. चारही पंख्यांची पाती मोडलेली. मालनबाईंनी त्यातला एक पंखा मागून घेतला.

त्याच महिन्यात कंपनीच्या वार्षिक सभेचं पत्र आलं. सोबत एक कागद होता: स्वतः येत नसाल तर दुसऱ्याला मत द्यायचा अधिकार द्या. विकासने त्यावर आपलं नाव लिहून पेन पुढे केलं.

"मी काय अंथरुणाला खिळलेय?" मालनबाईंनी कागदाचे दोन तुकडे केले.

सभेला विकासही बरोबर आला. हॉलच्या दारातच एका पोरीने त्यांच्या हातात खाऊचा डबा दिला. बरेच जण डबा घेऊन तिथूनच परत फिरत होते. मालनबाई विकासला मागे टाकून पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. चेअरमनचं इंग्रजी भाषण संपलं, कुणाला काही विचारायचंय का अशी विचारणा झाली. मालनबाई उभ्या राहिल्या. माइक देणाऱ्याने आधी विकासकडे पाहिलं.

"इधर दो. शेअर मेरे हैं."

पिशवीतून मोडका पंखा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "साहब, पितल का पंखा कायकू निकाले?"

चेअरमन हसले. "अम्मा, नया पंखा हल्का है. बिजली बचती है."

"बिजली बचती, पंखा नै बचता."

हॉल हसला. चेअरमनांनी पंखा उचलून बघितला आणि मग ते हसायचे थांबले. शेजारच्या इंजिनिअरच्या कानाला लागले. तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. "हम देखेंगे अम्मा," चेअरमन म्हणाले.

"देखो. मैं भी देखूँगी."

बाहेर आल्यावर विकासने कपाळ पुसलं. "लाज आणलीस. कोळंबी अजून सव्वीसला आहे, माहितीये? आता तरी विकशील का?"

"आत्ता कुठे त्याला बोलले. बोलून लगेच पळून जाऊ?" मालनबाईंनी डबा उघडून त्यातला सामोसा त्याच्या हातावर ठेवला. "पुढच्या सभेपर्यंत मुदत दिलीय. पंखा बदलला नाही तर विकीन, आणि तोटा होईल तो माझा होईल. तू खा."

समोरून रिक्षा येत होती. त्यांनी हात केला, आत बसल्या, आणि पोराला शेजारी जागा करून दिली.